उभ्याउभ्या

डंडीत, हिलटाउनच्या चढावर राहते मी.
तिसरा मजला, सत्तेचाळीस पायऱ्या.
हा आकडा पूर्वी माहीत नव्हता.
आजार आला की माणूस मोजायला लागतं.

उभी राहिले की काळीज एकशे चाळीसवर जातं,
आडवी झाले की मुकाट्यानं परत येतं
सांगून ठेवल्यासारखं.
डॉक्टर खुर्चीत बसवून तपासतात.
बसल्यावर मी ठणठणीत.
रक्त चांगलं, थायरॉइड चांगला,
हृदयाचा आलेख तर फ्रेम करून लावावा असा.
"घरात काही ताण?"
आता आहे, म्हटलं.

चिपळूणहून आई म्हणते,
तिकडे ऊन नाही ना, म्हणून होतं असं.
नणंद म्हणते, थकायला आम्हालाही होतं गं,
आम्ही बोलून दाखवत नाही इतकंच.
निरंजन काहीच म्हणत नाही.
भांडी घासतो, गरजेपेक्षा जरा जोरात.

बाकी सगळे उभ्याउभ्या येऊन गेले.
"दिसतेस तर छान!"
माझा चेहराच दर वेळी
माझ्याविरुद्ध साक्ष देतो.

सातवीत प्रार्थनेच्या रांगेत कोसळले होते एकदा.
न्याहारी करून येत जा, बाई म्हणाल्या.
तेव्हापासून न्याहारी करतेच आहे.

मग नोव्हेंबरातली ती केमिस्टची रांग.
पुढे सहा माणसं, डोळ्यांपुढे काजवे.
लाज गिळून फरशीवरच बसले.
लोकांनी नजरा शाम्पूंच्या बाटल्यांकडे वळवल्या.
तेवढ्यात मागची पिवळ्या रेनकोटातली बाई
गुडघे मोडत, कण्हत, माझ्या शेजारी बसली
आणि म्हणाली, "तुझं कधीपासून?"

काय झालं, असं नाही.
कधीपासून.

तिचं नाव मोराग. बावीस वर्षं बस चालवलेली.
बसून करायचं काम, म्हणून निभलं, म्हणाली,
आणि म्हणूनच कुणाला कळलं नाही.
खिशातून तिनं मिठाच्या पुड्या काढल्या,
फिश-चिप्सच्या दुकानातून उचललेल्या, चिक्कार.
एक माझ्या तळहातावर ओतली.
औषध आहे आपलं, चाट.
जखमेवर चोळायचं नव्हतं ते.
त्या मिठाला जागायचं आहे मला.

आता गुरुवारी तिच्याकडे जाते. तळमजला आहे.
गालिच्यावर आडव्या पडतो दोघी, पाय सोफ्यावर,
खिडकीत टे नदीवरून चढत आलेलं धुकं.
छतावर ओलीचा डाग आहे.
ती म्हणते बेट, मी म्हणते फणस.
तिनं फणस पाहिलेला नाही.
वर्णन करण्यात एक अख्खा गुरुवार गेला.

एकदा रडले मी, बरंच.
नोकरी सुटली होती त्या आठवड्यात.
बरं होईल, असं ती म्हणाली नाही.
योगाचं नाव काढलं नाही.
फक्त "आय" म्हणाली.
तिकडे 'हो'ला 'आय' म्हणतात,
आमच्या गावाकडे आईला.
कानाला कोणता अर्थ लागला, ठरवता आलं नाही.
ठरवलंही नाही.

आपल्या भाषेत कुणी आधार दिला
की म्हणायचं, पाठीशी उभा राहिला.
उभं राहणं आम्हा दोघींना परवडत नाही.
तिला हे मराठीतलं समजावून सांगितलं
तर हसून हसून तिचे ठोके वाढले,
आणि मग बराच वेळ, बोटं मनगटावर ठेवून,
आम्ही दोघींनी ते उतरताना मोजले.
एकशे अठरा. एकशे चार. ब्याण्णव.

पाठी जमिनीला टेकलेल्या.
किटली खळखळली, खट्कन बंद झाली.
तू ऊठ, ती म्हणाली.
तू ऊठ, मी म्हटलं.